ट्रेलरचे उभे खांब

रविवारी दुपारी वारा सुटला की फॅब्रिकेशनवाल्याचा फोन वाजायचा.

"वारा सुटलाय. येतोस का?" पलीकडून एवढंच यायचं. मग तो हातातलं काम ठेवून जुनी पँट चढवायचा आणि तलावाच्या उताराकडे निघायचा.

फोन करणारे त्याचे सासरे. म्हणजे एकेकाळचे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्याची आणि बायकोची रीतसर काडीमोड झाली होती. भांडणतंटा नाही, आदळआपट नाही. तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली, याचं सगळं बस्तान इथे, आणि येण्याजाण्यात कधीतरी दोघांच्याही लक्षात आलं की एकमेकांवाचून कुणाचंच काही अडत नाही. सामान वाटून घेताना साध्या इस्त्रीवरूनही वाद झाला नाही. फक्त सासऱ्यांच्या बोटीचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. डेपोत दोन बसच्या मधल्या फटीत ते तिसरी बस मागे घ्यायचे, तेही आरशात फारसं न बघता, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी फायबरची बोट आणि तिचा ट्रेलर घेतला. सकाळी बोट पाण्यात सोडायची, तलावाच्या मधोमध जाऊन गळ टाकायचा आणि दुपारी परत यायचं. मासा लागला तर यांचा विरसच होत असणार, असं सासूबाईंचं मत होतं, कारण मग तो सोडवायला चष्मा शोधावा लागायचा.

ट्रेलर मागे घेणं सासऱ्यांच्या डाव्या हातचा मळ होता. अडचण पुढची होती. काँक्रीटच्या उतारावरून ट्रेलर पाण्यात शिरला की त्याची मागची बाजू दिसेनाशी व्हायची. बोट सरळ चढावी म्हणून दोन बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीचे, वाकवलेले दोन पाइप होते, त्यांना गाइड म्हणायचं. पण तेही पाण्याखाली जायचे. म्हणजे वाट दाखवणारेच बुडालेले. सकाळी पाणी शांत असायचं, तेव्हा बोट उतरवायला त्रास नव्हता. दुपारी मात्र आडवा वारा यायचा. दोरीने बोटीचं तोंड ट्रेलरवर आणेपर्यंत तिचा मागचा भाग भलतीकडे गेलेला असायचा. तशीच ट्रेलरच्या पुढच्या टोकाची दोर गुंडाळायची चरखी फिरवून ओढली तर ती तिरकी चढायची, एक कूस ट्रेलरवरच्या लाकडी पट्टीवर आणि दुसरी चाकाच्या पत्र्यावर. मग पुन्हा खाली ढकला, पुन्हा ओढा. म्हणून कंबरभर पाण्यात उभं राहून बोट सरळ धरायला एक माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे जावई.

काडीमोडीनंतर त्याला काय म्हणायचं हा तिथे एक छोटासा पेच होता. नवरा माजी होतो, बायको माजी होते, पण माजी जावई असं कुणी म्हणत नाही. सासूबाईंनी तो पेच न सोडवताच सोडून दिला होता. त्या पूर्वीसारखंच "जावई, चहा घेणार ना" म्हणायच्या. सासऱ्यांनी मात्र एक बदल केला. लग्नाच्या सगळ्या वर्षांत ते त्याला अहो-जाहो करत आले होते. काडीमोडीनंतरच्या पहिल्याच रविवारी, बोट चरखीला लावता लावता ते म्हणाले, "अरे, जरा डावीकडे दाब." तिथून पुढे अरे-तुरेच. त्याला ती बढती मिळाल्यासारखी वाटली होती. कुणाला बोलून दाखवण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

एका रविवारी तो एका जिन्याचं रेलिंग बसवायला गेला होता. ड्रिलच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. सासऱ्यांनी दोनदा लावला, मग म्हणाले असतील, बघू आपल्याच्याने होतं का. त्यांनी एकट्याने बोट ओढायला घेतली. ती नेहमीसारखी तिरकी झाली. ते पाण्यात उतरले, तिला सरळ करायला हात घातला, नेमका त्याच वेळी वाऱ्याने धक्का दिला आणि उजव्या हाताची दोन बोटं बोट आणि चाकाच्या पत्र्याच्या मध्ये सापडली.

दवाखान्यात टाके पडले. हाडं वाचली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "बोटीपायी बोटं जात होती यांची."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बायकोचा. म्हणजे पूर्वीच्या. पुष्कळ दिवसांनी.

"बाबांचं कळलं ना?"

"कळलं. सकाळी जाऊन आलो. बरे आहेत."

"तू नव्हतास तिथे?" असं विचारून ती स्वतःच थांबली. "म्हणजे, ते काही तुझं काम नाही. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"असू दे."

"मी त्यांना बोट विकायला सांगणार आहे."

"सांगून बघ."

"ऐकणार नाहीत."

"नाहीच ऐकणार."

तिने तो विषय तिथेच सोडला. मग म्हणाली, "आणखी एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी लग्न करतेय. माझ्याच ऑफिसात आहे तो. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन लवकरच, आणि मग भेटायला घेऊन येईन. तोवर तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू."

त्याने स्वतःला जरा चाचपून पाहिलं. जिथे दुखेल असं वाटत होतं तिथे काही विशेष दुखत नव्हतं. चांगलं झालं असंच वाटत होतं, आणि ते त्याने तिला सांगितलं. मग त्याने विचारलं, "त्याला पोहता येतं का?"

"नाही. का रे?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे तलावाचा उतार आला. नवा जावई काठावर चांगले बूट घालून उभा, आणि जुना कंबरभर पाण्यात बोट धरून. उतारावर रविवारी पाच-पंचवीस लोक असतात, त्यांना तेवढाच विषय. नव्या माणसाला अवघड, सासूबाईंना अवघड, तिलाही. पुढचे रविवार आपण जाणं बरं दिसणार नाही हे त्याला कळून चुकलं. आणि आपण गेलो नाही तर म्हातारा एकटा पाण्यात उतरणार, हेही कळत होतं. उरला एकच उपाय. बोट चढवायला दुसरा माणूसच लागू नये.

हाताची पट्टी निघाल्यावर तो त्यांच्या घरी गेला. ट्रेलर मागच्या शेडमध्ये होता. त्याने सासऱ्यांना तिथे नेलं आणि गाइडच्या त्या गुडघाभर पाइपांना बुटाने टोचून दाखवलं.

"हे काढून टाकू. मागे दोन्ही बाजूंना उभे खांब लावू, ट्रेलरपासून वर तुमच्या छातीएवढे. ट्रेलर पाण्यात गेला तरी खांब वर दिसतील. बोट त्यांच्या मधून घातली की मागचा भाग कुठे जाणार? वारा कितीही असो."

सासरे ट्रेलरकडे बघत राहिले. "हा काय जावईशोध?"

"शोध नाही. पुष्कळ ठिकाणी असतात असे."

"कारखान्यात बनवलाय हा ट्रेलर. तिथल्या लोकांना अक्कल नव्हती?"

"त्यांच्या तलावाला वारा नसेल."

सासऱ्यांनी त्यावर थोडा विचार केला. "आणि मग तू?"

"मी काय?"

"तू काठावर उभा राहून काय करणार?"

"मी कोरडा राहीन. काही बिघडत नाही."

सासऱ्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. ट्रेलरला एकही भोक पाडायचं नाही. लेकीचे कान टोचताना ते घराबाहेर जाऊन उभे राहिले होते, असं सासूबाई सांगत. ट्रेलरच्या बाबतीतही तोच प्रकार. त्यामुळे सगळं क्लॅम्पवर, म्हणजे बाहेरून आवळणाऱ्या पकडींवर, बसवायचं ठरलं.

मापं घेताना टेपचं एक टोक सासूबाईंनी धरलं. "कुठे धरू?"

"बोट सगळ्यात रुंद असेल तिथे. खाली नाही, वरच्या काठाला."

"कंबर मोजायची म्हणा की," त्या म्हणाल्या आणि टेप ताणून धरला. "वय झालं की सगळ्यांची इथेच वाढते."

दुकानात त्याने दोन जाड गॅल्वनाइज्ड पाइप कापले, खाली काटकोनात वाकवून ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर बसतील असे केले. उभ्या भागावर पांढरा प्लॅस्टिकचा पाइप सैल चढवला. बोट घासली तर तो लाटण्यासारखा जागच्या जागी फिरेल आणि बोटीला ओरखडा येणार नाही. शनिवारी संध्याकाळी ते सगळं त्यांच्या अंगणात बसवलं. दोन पांढरे खांब सरळसोट उभे राहिले. सासऱ्यांनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मान हलवली. मग ते गाडीत बसले आणि ट्रेलर शेडमध्ये मागे घेऊ लागले.

खण्ण असा आवाज झाला. खांब शेडच्या पुढे खाली उतरलेल्या पत्र्याला लागले होते.

वीतभर उंच झाले होते. बोटीची रुंदी तीनतीनदा मोजली, शेडच्या उंचीला कुणी टेपच लावला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. "आता छप्पर कापा," त्या म्हणाल्या. "बोट आहे तर घर कशाला लागतं."

खांब अर्ध्यातून कापून वरचा भाग खालच्यात खोचता येईल असा करावा लागला. मधून एक पिन. पिन काढली की वरचा अर्धा खांब हातात. ते झालं आणि दुसऱ्या रविवारी पहिली परीक्षा झाली.

ती फसली. सासऱ्यांनी ट्रेलर झोकात पाण्यात घातला, खांब पाण्याबाहेर छान दिसत होते, काठावरचे दोघे-तिघे बोटवाले कुतूहलाने जवळ आले. सासऱ्यांनी दोरी ओढली. बोट खांबांच्या मध्ये शिरली, वाऱ्याने डाव्या खांबावर रेलली, आणि तो खांब दमल्यासारखा हळूच बाहेरच्या बाजूला कलला. क्लॅम्प पट्टीवर फिरला होता. बोट तिरकी ती तिरकीच.

सासरे दोरी धरून त्या कललेल्या खांबाकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याने बूट काढले, पँट होती तीच भिजवली आणि पाण्यात उतरून बोट सरळ धरली. काठावरचा एक जण म्हणाला, "खांब सुंदर आहेत, पण माणूस जास्त मजबूत आहे." सगळे हसले. तोही हसला.

सोमवारी त्याने ट्रेलर दुकानात आणला. चूक त्याला पाण्यातच कळली होती. एका जागी पकडलेली वस्तू फिरणारच. दोन ठिकाणी पकडायला हवी. त्याने प्रत्येक खांबाला पुढच्या बाजूने एक तिरका आधार दिला आणि तो ट्रेलरच्या लांबीच्या पट्टीला वेगळ्या क्लॅम्पने बांधला. दुसरी चूक भीतीपोटी झाली होती. बोट घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना चांगला तळहाताएवढा मोकळा भाग सोडला होता. एवढ्या जागेत वाऱ्याला खेळायला भरपूर वाव. आता त्याने दोन बोटं मावतील एवढीच जागा ठेवली.

नट आवळताना एकदा त्याचा हात थांबला. हे नीट झालं की रविवारचा फोन येणार नाही. तसं व्हावं म्हणूनच तर हे चाललं होतं. तरी ते असं पान्याच्या टोकाशी आल्यावर जरा वेगळं वाटलं. मग त्याने नट पुरता आवळला, वर दुसरा नट चढवला आणि तोही आवळला. खांबाला दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. हलला नाही.

त्या रविवारी वारा चांगला जोरात होता. सासऱ्यांनी ट्रेलर पाण्यात घातला, खाली उतरले, दोरी हातात घेतली. बोट येताना तिरकी होती. तिचा मागचा भाग उजव्या खांबाला टेकला, पांढरा पाइप गरगर फिरला आणि बोट वळून सरळ झाली. सासऱ्यांनी चरखीचा हूक लावला, दांडा फिरवला. बोट दोन्ही पट्ट्यांवर सारखी बसली. ओले झाले ते फक्त सासऱ्यांचे घोटे.

तो काठावर उभा होता. हातांचं काय करावं हे कळेना म्हणून त्याने ते खिशात घातले.

"झालं?" सासरे त्याला म्हणाले, जणू त्यालाच काहीतरी करायचं होतं.

"झालं की."

"मग बरं आहे," सासरे म्हणाले आणि पट्टे आवळायला लागले.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तो घर आवरत बसला, आईकडे जाऊन आला, एकदा तर रविवारीही दुकान उघडलं. वारा सुटला की मान आपोआप फोनकडे वळायची. मग तो स्वतःलाच म्हणायचा, अरे, खांब चालतायत. याचसाठी केला होता ना अट्टहास. तिकडे जाऊन बघून यावं असं दोनदा मनात आलं, पण गेला नाही. बोलावल्याशिवाय जायला आता नातं कोणतं?

मग मधल्या एका दिवशी सासरेच दुकानात आले. बरोबर तलावावरचा तोच माणूस, माणूस जास्त मजबूत आहे म्हणणारा. त्यालाही तसेच खांब हवे होते.

"आमच्या जावयाने केलेत ते," सासऱ्यांनी त्याला रस्त्यात सांगितलंच असणार, कारण तो आल्या आल्या म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांनी जोरात तारीफ केलीय. आता भाव खाऊ नका म्हणजे झालं." तो आपल्या ट्रेलरचे फोटो दाखवायला लागला. सासरे मध्येच, "शेडची उंची मोजा आधी. ती सगळ्यात महत्त्वाची," असं ठामपणे म्हणाले. ती अक्कल कुठून आली हे दोघांपैकी कुणीच त्या गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

गिऱ्हाईक फोनवर बोलायला बाहेर गेलं तसे सासरे स्टुलावर बसले. कापलेल्या पाइपचा एक तुकडा उचलून त्याच्या भोकातून बघू लागले.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "कसं सांगावं कळत नाही. तुझी सासू म्हणाली, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, तू सांग. असं करता करता दिवस गेले."

"तिच्या लग्नाचं?"

सासऱ्यांनी पाइप खाली घेतला. "तुला माहीत आहे?"

"तिनेच सांगितलं. तुमच्या बोटांना लागलं तेव्हा."

"म्हणजे आमच्याही आधी?"

"तुम्हाला ती सांगेपर्यंत बोलू नको म्हणाली होती."

सासऱ्यांनी मान हलवली. मग पाइप ठेवून दिला. "आणि आम्ही दोघं म्हातारे तुला फोन कोणत्या तोंडाने करायचा म्हणून घरात एकमेकांकडे बघत बसलोय. दोन रविवार मी तलावावर गेलोसुद्धा नाही. बोट शेडमध्येच आहे."

"म्हणजे खांब वापरलेच नाहीत?"

"कुणासाठी वापरू?" ते म्हणाले. मग त्यांना ते जरा जास्तच झाल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच जोडलं, "वाराही नव्हता म्हणा."

वारा होता. दोन्ही रविवारी होता. पण तो तसं म्हणाला नाही.

"तू ते खांब मुद्दाम केलेस," सासरे म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"तो येईल. मी पाण्यात उभा असलेला बरं दिसलं नसतं."

"ते खरं आहे," सासऱ्यांनी मान डोलावली. "पाण्यात नको. तुझ्या सासूने त्याच्यावर तोड काढलीय. म्हणाली, त्यात काय एवढं? ज्याला दोन लेकी असतात त्याचे दोन जावई असतातच. एक थोरले, एक धाकटे. आपल्याला एकाच लेकीत दोन मिळाले."

त्याला हसू आलं. तो ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागला.

"रविवारी सकाळी ये," सासरे उठता उठता म्हणाले. "दुपारी नको. इतकी वर्षं तू बोट ओढतोयस, कधी बसलायस का तिच्यात?"

त्याने आठवून पाहिलं. काठावर धुताना, शेडमध्ये इंजिन उतरवताना चढला होता. पाण्यात कधीच नाही. तो यायचा तेव्हा बोट परत निघालेली असायची.

रविवारी ते दोघं तलावाच्या मधोमध गेले. सासूबाईंनी डबा दिला होता, तो पोहोचायच्या आतच संपला. सासऱ्यांनी त्याला गळ धरायला शिकवलं, आणि मग तो कसा चुकीचा धरतो ते बराच वेळ सांगितलं. मधेच पट्टी निघालेली दोन बोटं उन्हात धरून ते म्हणाले, "थंडीत ठणकतील म्हणतात डॉक्टर." नव्या जावयाबद्दल ते एकदाच बोलले. फोनवर फार हळू बोलतो, अर्धं ऐकू येत नाही, पण माणूस बरा वाटतो. मासा एकही लागला नाही. चष्मा घरीच राहिला होता, त्यामुळे सासरे खुशीत होते.

परतताना वारा सुटला. त्याने सासऱ्यांना काठावर उतरवलं, ते गाडीकडे गेले आणि ट्रेलर मागे घेत आले. जाताना त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, इंजिन हळू ठेव, दोन खांबांच्या मध्ये बघ, दुसरीकडे कुठे बघू नको. बोटीत बसून पाहिलं तेव्हा ते दोन पांढरे खांब पाण्यातून वर आलेले, दाराच्या चौकटीसारखे दिसत होते. तो आला तिरकाच. उजव्या खांबाला घासून पाइप फिरला, बोट सरळ झाली, आणि तळाला लाकडी पट्ट्यांचा मऊ धक्का लागला.

सासरे चरखीजवळ उभे होते. "कसं वाटलं?"

तो मागे वळून डाव्या खांबाकडे डोळे बारीक करून बघत होता. "हा अंगठाभर बाहेर आहे. वरून दिसतं. उद्या आणा दुकानात, सारखा करतो."

"राहू दे रे," सासरे दांडा फिरवता फिरवता म्हणाले. "चढतेय ना बोट. तू आधी इंजिन बंद कर."